गाडी गेली कुणीकडं?

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरनं देशाला लोकसभेचा सभापती दिला, गृहमंत्री दिला, पंजाबला राज्यपाल दिला. तिन्ही पदं एकाच माणसानं भूषवली, म्हणजे गावाची काटकसरही दिसली. सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे. देशाच्या सीमा कशा राखायच्या ते जवानांना चाकूरला येऊन शिकावं लागतं. तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावर औषधी वनस्पतींचा खजिना आहे. एवढ्या जाणत्या मुलखात कुणालाही दोन साधे प्रश्न विचारा आणि गंमत बघा. तुमच्या संडासची सेफ्टी टाकी शेवटची कधी उपसली? आणि उपसून नेली ती गाडी गेली कुणीकडं?

पहिल्या प्रश्नाला निदान उत्तर येतं. “थोरलीच्या लग्नात उपसली की.” थोरलीचा पोरगा आता दहावीला आहे. मधल्या काळात घरावर मजला चढला, अंगणात फरशी आली आणि त्या फरशीखाली टाकीचं झाकण कायमचं गाडलं गेलं. टाकी उघडायची तर आधी फरशी फोडायची. म्हणून ती उघडायचीच नाही, असा घरोघर बिनविरोध ठराव झालेला आहे.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच येत नाही. गाडी येते, पाइप सोडते, घरघर करते, पैसे घेते, जाते. “मालक, दोन खेपा होतील,” “एकीतच बसव की बाबा,” इथवर आपली चौकशी. नाकावरचा रुमाल निघाला की विषय संपला.

गाडीवाल्याला मी दोष देत नाही. डिझेल त्याचं, खेपेचा दर ठरलेला. जितक्या जवळ गाडी रिकामी होईल तितकी कमाई जास्त. लहान गावांत सर्रास चालतं ते असं: वस्ती संपली की पहिला ओढा, नाहीतर पहिलं पडीक रान, नाहीतर पहिला असा शेतकरी जो म्हणेल, “सोड माझ्या बांधाला.” बाजार ज्या दिशेला ढकलतो त्या दिशेला गाडी जाते. तिला दुसऱ्या दिशेला न्यायचं तर कुणीतरी त्या दुसऱ्या जागेचा पत्ता द्यायला हवा आणि तिथवरच्या डिझेलचे पैसेही.

सेफ्टी टाकीत मैला शुद्ध होतो, ही आपली एक गोड समजूत आहे. टाकीत होतं एवढंच की जड ते तळाला बसतं, हलकं वर तरंगतं आणि मधलं पाणी पुढच्या पाइपानं बाहेर पडतं. तळाचा गाळ जीवाणू थोडाफार कुजवतात, सगळा नाही. गाळ वाढत गेला की नव्या पाण्याला आत थांबायला जागा उरत नाही. मग जे आलं ते जवळजवळ तसंच पुढं जातं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, असं केंद्राच्या नियमपुस्तकात छापलेलं आहे. बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात मुरवावं, असंही छापलेलं आहे. छापणाऱ्यांनी आपली काळी माती बघितली नसावी. ती पावसाळ्यात फुगते, भेगा मिटवते आणि वरून आलेलं पाणी घ्यायला साफ नकार देते. खाली काळा पाषाण बसलेलाच. खड्डा तुंबला की गवंडी उपाय सांगतो, आणि तो उपाय उभ्या मराठवाड्याला पाठ आहे: “पाइप गटारीत काढा.”

गटार नाल्यात, नाला ओढ्यात, ओढा नदीत. गाव हागणदारीमुक्त झालं, हागणदारी नदीवर गेली. पूर्वी माणूस टमरेल घेऊन चालत जायचा, आता त्याचं काम पाइप करतो.

पाणी येण्याच्या बाजूला मात्र आपण डोळ्यांत तेल घालून बसतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं 144 कलम लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ‘जलदूत’ असं तिचं नाव, आणि ती कुणी आणली यावरून श्रेयाची चढाओढही रंगली. ते पाच लाख लिटर दुसऱ्या दिवशी कुठं गेलं, हे विचारायला मात्र एकही पुढारी फलाटावर आला नाही. सांडपाण्याचा हिशेब करणारे इंजिनिअर एक ठोकताळा धरतात: पुरवलेल्या पाण्यातलं साधारण ऐंशी टक्के पाणी घाण होऊन परत येतं. म्हणजे मिरजेच्या त्या पाच लाखांतलं चार लाख लिटर लातूरच्या गटारीला लागलं. तीनशेहून जास्त किलोमीटर रेल्वेनं आणायचं, एकदा तोंडावर मारायचं आणि नाल्यात सोडून द्यायचं. सोनं विकत आणून शेजाऱ्याच्या आडात टाकणारा माणूस आपण वेडा ठरवला असता. पाण्यासाठी जमावबंदी लागते. गटारीसाठी अजून जमावच जमलेला नाही.

कुणी फारच बोललं की पुढारी म्हणतात, “भुयारी गटार आणू.” हे वाक्य ऐकायला फार छान. यात खोदकाम आहे, पाइप आहेत, निविदा आहे, पुन्हा रस्ता करायची दुसरी निविदा आहे. फक्त एक बारीक अडचण आहे. सरकारच्याच नियमपुस्तकात वर्षानुवर्षं भुयारी गटार नसलेल्या शहराला माणशी रोज 70 लिटर पाणी धरलं जायचं आणि गटार असलेल्या किंवा होऊ घातलेल्या शहराला 135 लिटर. कारण उघड आहे: जमिनीखालच्या पाइपातून मैला वाहून न्यायला मागून पाण्याचा जोर लागतो. ज्या भागात नळ कधी येणार ही बातमी गल्लीत कानोकानी फिरते आणि पहाटे उठून रांजण भरून ठेवावे लागतात, तिथं 135 लिटर कुठून येणार? जोर नसलेल्या पाइपात घाण बसते, सांधे तुंबतात आणि झाकणातून वर येते. मग आपण उघड्या गटारीलाच जुनं माणूस म्हणून मान देऊ लागतो. मोठ्या शहराला भुयारी गटार हवीच, मी काही पाइपांचा वैरी नाही. पण दुष्काळी तालुक्याच्या गावानं आधी पाण्याचा हिशेब करावा, मग खोदावं.

समजा, खोदलंच. समजा, गावाबाहेर सांडपाणी शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्पही झाला. आत नेमकं काय होतं? आधी जाळीवर चिंध्या, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या अडवतात. मग वाळू-खडा खाली बसवतात. मग खरी गंमत सुरू होते. मोठ्या हौदात खालून हवा सोडतात आणि जीवाणूंना मैला खायला घालतात. 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ही युक्ती जगापुढं मांडली: तळाला बसलेला गाळ फेकू नका, त्यात उपाशी जीवाणू आहेत, नव्या सांडपाण्यात तो परत मिसळा आणि हवा देत राहा. पुढच्या हौदात जीवाणूंचे गठ्ठे तळाला बसतात, वरचं निवळ पाणी क्लोरिन मारून सोडून देतात. शंभर वर्षं उलटली तरी जगातली मोठमोठी शहरं याच युक्तीवर आणि तिच्या भावंडांवर चालली आहेत.

अट एकच: हवा बंद पडता कामा नये. हवेला वीज लागते, विजेला बिल लागतं. कोनशिलेला यातलं काहीच लागत नाही, म्हणून आपल्याकडं कोनशिला टिकतात. थकबाकीपोटी नगरपंचायतीची वीज तोडली तर आपण रस्त्यावरचे बंद दिवे मोजतो, वर्तमानपत्रात फोटो देतो. त्याच वेळी हौदात गुदमरून मेलेले अब्जावधी जीवाणू कुणी मोजत नाही. त्यांची नावं मतदारयादीत नाहीत. ती फौज पुन्हा उभी करायला काही आठवडे जातात, आणि तेवढे आठवडे प्रकल्प म्हणजे नाल्याला घातलेला एक महागडा वळसा.

हे फक्त मराठवाड्याचं रडगाणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2021 साली देशाचा ताळेबंद मांडला. शहरांतून रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं. शुद्ध करायची बांधलेली क्षमता 31,841. प्रत्यक्षात शुद्ध होतं 20,236. निम्म्याहून जास्त घाणीसाठी प्रकल्पच नाहीत हे एक, आणि जे बांधले त्यांतलीही एक तृतीयांशाहून जास्त ताकद बसून राहते हे दुसरं. पहिल्याला पैसा नाही म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणायचं ते वाचकांनी आपापल्या बोलीत म्हणावं.

सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं महाराष्ट्राला 12,000 कोटींची पर्यावरण भरपाई ठोठावली, त्यातला मोठा वाटा सांडपाण्यापोटी. बारा हजार कोटी! दोन दिवस बातमी गाजली. तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा घरचा पाइप गटारीत बरोबर पडतोय ना ते बघायला गेलो.

आता जरा वाईला जाऊ. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं गाव. घाट, देवळं, ढोल्या गणपती, मराठी विश्वकोश. वाई आकारानं मुंबई-पुण्याच्या रांगेतली नाही, चाकूरपेक्षा थोरली एवढंच. तिथल्या नगरपालिकेनं 2018 पासून एक काम सुरू केलं, ज्यात खोदकाम नसल्यामुळं ते फारसं गाजलं नाही. गावातल्या सगळ्या सेफ्टी टाक्यांची यादी केली आणि प्रत्येक टाकी दर तीन वर्षांनी उपसायची असं वेळापत्रक लावलं. घरमालकानं फोन करायचा नाही, घासाघीस करायची नाही. तक्रार आली म्हणून गाडी येत नाही, पाळी आली म्हणून येते. पैसे मालमत्ता कराबरोबरच्या स्वच्छता करातून, म्हणजे वर्षाला थोडे थोडे. काम ठेकेदाराकडं, आणि बिल केलेल्या कामाच्या मोजमापावर. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या मंडळींनी आखणीला हातभार लावला. उपसलेला मैला रोज 70 हजार लिटरपर्यंत घेऊ शकेल असा प्रकल्प उभा राहिला, तिथं गाळ तापवून वाळवतात. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही हीच वाट धरली.

बघा, यात क्रांती वगैरे काही नाही. टाकी तीन वर्षांनी उपसणं, गाडी ठरल्या जागी नेणं, तिथं गाळ वाळवणं. आपल्या आजीनं मसाल्याचं वाळवण याहून जास्त कडक शिस्तीत सांभाळलं असेल. पण शिस्त ही गोष्ट निविदेत मागवता येत नाही, म्हणून ती दुर्मीळ.

वाई-सिन्नरचं बघून राज्य सरकारनं सांडपाणी प्रकल्प नसलेल्या तीनशेवर लहान-मोठ्या शहरांत मैला-गाळाचे प्रकल्प करायचं ठरवलं. केंद्रानं स्वच्छ भारतचा दुसरा टप्पा 1 ऑक्टोबर 2021 ला काढला, तेव्हा एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांचं सांडपाणी त्यात आणलं. म्हणजे चाकूरसारख्या गावाला “आम्हाला कोण विचारतंय” म्हणायची सोय उरली नाही. आणि खरं सांगायचं तर या कामाला आपला मुलूख वाईपेक्षा सरस आहे. गाळ वाळवायला साधे वाफे पुरतात: खाली खडी, वर वाळू. गाडी वाफ्यावर रिकामी केली की पाणी झिरपून खाली जातं, गाळ वर राहतो आणि उन्हात वाळतो. ऊन! जे आपण एप्रिल-मे महिन्यांत शिव्या देत देत फुकट घालवतो, ते. एरवी सगळ्या बाबतीत मागास म्हणून यादीत असलेला मराठवाडा उन्हाच्या बाबतीत पहिल्या बाकावर बसलेला आहे. खाली निथळलेलं पाणी दगड-खडीच्या थरांतून, कर्दळ आणि पाणकणीस लावलेल्या वाफ्यांतून सोडायचं. झाडांच्या मुळांभोवती राहणारे जीवाणू पुढचं काम करतात. नागपूरच्या नीरी संस्थेनं याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाचं तंत्र बसवून दिलंय. वीज नाममात्र लागते, कारण बरंचसं पाणी उतारानंच चालतं. कर्दळीची थकबाकी वसूल करायला अजून तरी कुणी येत नाही.

मग अडतं कुठं? गाडीत. वाफे बांधता येतात, कर्दळ लावता येते, कमान उभारता येते. पण गाडी तिथवर आलीच नाही तर वाफ्यांत गवत उगवतं आणि तिथं शेळ्या सुखानं चरतात. आपल्याकडं मानांकनाची मोठी हौस: आधी हागणदारीमुक्त, मग हागणदारीमुक्त प्लस, मग प्लस प्लस. दुसऱ्या अधिक चिन्हाचा अर्थ असा की गावातला मैला उपसला जातो आणि त्याच्यावर प्रक्रिया होते. फलक रंगवणाऱ्याला दोन अधिक चिन्हं काढायला अर्धं मिनिट लागतं. ती खरी आहेत का, हे बघायला रात्री गाडीच्या मागं जावं लागतं. तपासणीचं पथक बहुधा दिवसा येतं आणि जेवून जातं.

एक गोष्ट मात्र चेष्टेची नाही. गाडी परवडत नाही किंवा बोळात शिरत नाही म्हणून कुणी माणसाला टाकीत उतरवतो. 2013 च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. तरी माणसं उतरवली जातात आणि विषारी वायूनं मरतात. एकाला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. मरणारा कोणत्या वस्तीतला असतो, हे चाकूरलाही सांगायची गरज नाही आणि दिल्लीलाही नाही. दर तीन वर्षांनी यंत्रानं उपसलेल्या टाकीत गाळ दगडासारखा घट्ट होत नाही आणि माणूस उतरवायची वेळ येत नाही. वेळापत्रकाचा हा फायदा कुठल्याच फलकावर लिहिलेला नसतो.

आता घरणी नदीकडं बघू. ती उगम पावते आपल्याच तालुक्यात, वडवळच्या बाजूला. शिरूर अनंतपाळकडं जाते, पुढं मांजरेला मिळते. मांजरा महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द धरून बीदरच्या मुलखातून तेलंगणात शिरते. तिथं सिंगूर धरण आहे, ज्याचं पाणी हैदराबाद पिण्यासाठी उचलतं. पुढं निजामसागर, आणि शेवटी कंदकुर्तीला गोदावरी. तीन राज्यांतून जाताना कुठंही तपासणी नाका नाही. सीमा राखायचं शिकवणाऱ्या गावाच्या तालुक्यातून ओढ्याचं पाणी रोज दोन सीमा बिनबोभाट ओलांडतं आणि कुणी साधं “थांब, कोण आहेस” म्हणत नाही. हैदराबादला गेलेला आपला पाहुणा तिथल्या नळाचं पाणी पिऊन म्हणतो, “पाणी बरंय हो इथलं.” त्यासाठी तिथल्या शुद्धीकरणवाल्यांनी किती क्लोरिन खर्च केलं ते त्याला ठाऊक नाही, आणि आपल्यालाही आपला त्यातला वाटा ठाऊक नाही.

लांब कशाला जायचं? नाल्यावर मोटार टाकून भाजी पिकवणारे कुठल्याही लहान शहराबाहेर दिसतात. पालक कसा हिरवागार, कोथिंबीर कशी तरारलेली. तीच जुडी बाजाराच्या दिवशी आपण भाव पाडून घेतो आणि वर म्हणतो, “ताजी आहे ना गं?” ताजी तर आहेच, घरचंच खत आहे.

सांडपाणी म्हणजे नुसतं संकट, असंही नाही. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचतं. चाकूरला वीज केंद्र नाही, पण ऊस आहे, फळबागा आहेत, टँकर मागणारे उन्हाळे आहेत. रेल्वेनं पाणी आणलेल्या जिल्ह्यानं वापरलेलं पाणी फेकून देणं हा श्रीमंतीचा कळस आहे.

हे सगळं हलवायचं कसं? याला इतिहासात एक खात्रीचा उपाय सापडतो. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी मैल्यानं इतकी तुंबली की काठावरच्या संसदेत बसवेना. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले, तरी वास आत येई. कित्येक वर्षं कॉलऱ्यानं माणसं मरत होती तेव्हा जे जमलं नव्हतं, ते खासदारांच्या नाकाला झोंबल्यावर अठरा दिवसांत जमलं. कायदा मंजूर झाला आणि बॅझलगेट नावाच्या इंजिनिअरनं शहराखाली गटारांचं जाळं विणलं.

तेव्हा माझी नम्र सूचना. वाफे होईपर्यंत, आणि झाल्यावरही गाडी तिथं जायला लागेपर्यंत, मैल्याची प्रत्येक गाडी नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेच्या दिवशी सभागृहाच्या खिडकीखाली तासभर उभी करावी. रिकामी करायची नाही, नुसती उभी. वाऱ्याची दिशा बघून.

तेवढं धाडस नसेल तर पावतीपुस्तक छापा. पावतीवर चार रकाने: कुणाची टाकी, किती लिटर, गाडी कधी निघाली, प्रकल्पावर कधी पोचली. एक सही चालकाची, एक प्रकल्पावरच्या माणसाची. तिसरी प्रत घरमालकाला, म्हणजे निदान त्याला कळेल गाडी गेली कुणीकडं. नगरसेवकांनाही त्यावर आपला फोटो हवा असेल तर छापू, हरकत नाही. फक्त फोटोसाठी पाचवा रकाना करावा, चौथ्याच्या जागी चालणार नाही.